पाणी वर आणायचं की यंत्र खाली न्यायचं?

भाईंदरच्या माणसाला समुद्राचं रसायनशास्त्र लोकलच्या खिडकीतून दिसतं. लहानपणी मला मिठागरं म्हणजे नुसती पाण्याची शेतं वाटायची. तिथे मोजमापही चालतं, हे उशिरा कळलं. समुद्राचं पाणी हायड्रोमीटरवर साधारण ३.५ डिग्री बोमे दाखवतं. उन्हात आटत ते २५ च्या आसपास पोचलं की मीठ धरू लागतं.

मिठाची एक सोय आहे, ते उडून जात नाही. पाणी बाटलीत भरा, महिन्यांनी तपासा, हिशोब जुळतो. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरचं पाणी गोळा केलं. विल्यम डिटमार यांनी त्यातले ७७ नमुने प्रयोगशाळेत तपासले. खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

ऑक्सिजन मात्र असा थांबत नाही. १८८८ मध्ये लायोश विंकलर यांनी त्यावर तोड काढली. पाणी वर येताच त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कली घालायची, म्हणजे ऑक्सिजन तिथेच बांधला जातो आणि मग सावकाश मोजता येतो. ही पद्धत आजही वापरात आहे.

अडचण आपल्याच अरबी समुद्रात येते. इथे साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेत 'मबाहिस' जहाजावरूनही ही कमतरता नोंदली गेली. अशा पाण्याला हवेचा एक बुडबुडा लागला तरी आकडा वर जातो. आणि 'शून्य' की 'थोडासा' हा फरक मोठा आहे. ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात. त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही तयार होतो.

मग उपाय एकच, यंत्रालाच खाली पाठवायचं. त्यासाठीचा एक सेन्सर रुग्णालयाच्या जगातून आला. लेलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात रक्तातला ऑक्सिजन मोजायला इलेक्ट्रोड बनवला होता. तेच तत्त्व पुढे समुद्रात उतरलं. १९६६ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला आहे. तिथल्या अभियंत्यांनी 'माया' हे स्वयंचलित पाणबुडी यंत्र घडवलं. माणसाशिवाय बुडी मारून ते खारटपणा, ऑक्सिजन, हरितद्रव्य मोजत जातं.

याचा आपल्याशी काय संबंध? पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ हे कमी ऑक्सिजनचं पाणी पश्चिम किनाऱ्याजवळ वर सरकतं. मासळीला तिथे श्वास घेणं अवघड होतं. उत्तनच्या बंदरातून बोट निघते तेव्हा डोळ्यांना पाणी नेहमीसारखंच दिसतं. जाळं टाकणाऱ्याला खालची हवा कळायची असेल, तर कुणीतरी तिथे जाऊन मोजलेलं असलं पाहिजे.