गवसणीवरची वीणा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक श्रोत्यांना वाटेल कीं, इतिहासाच्या नांवाखालीं हें विणकाम कोठून आलें? राजे, तह आणि लढाया ह्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. परंतु घरांतल्या पेटीवर किंवा रेडिओवर जें क्रोशाचें आच्छादन घालीत आणि त्यावर वीणा, मोर किंवा स्वरलिपींतलीं चिन्हें काढीत, त्या आच्छादनालाही वंशावळ आहे. ती उलगडूं लागलें म्हणजे गुजरात, फ्रान्स, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया असा बराच लांबचा प्रवास घडतो, आणि त्या प्रवासांत एक दुष्काळही लागतो.

आरंभ आपल्या घरच्या शब्दापासून करूं. उशीला अभ्रा असतो, गादीला खोळ असते, पुस्तकाला वेष्टन असतें. तंबोऱ्याला मात्र गवसणी असते. वाद्याच्या वस्त्राला भाषेनें निराळा शब्द राखून ठेवावा, ह्यावरून त्या वस्त्राची योग्यता ध्यानांत येईल. आकाशाला गवसणी घालणाऱ्यांची आपल्याकडे कधींच वाण नव्हती. पण ज्या हातांनीं खऱ्याखुऱ्या गवसण्या शिवल्या आणि विणल्या, त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत.

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ लहान आंकडी. आतां गंमत अशी कीं, युरोपीय संगीतलेखनांत एका कालमानाच्या चिन्हाला इंग्रज लोक 'क्रॉचेट' म्हणतात, तें नांवही ह्याच आंकडीवरून पडलें आहे. मध्ययुगांत त्या चिन्हाच्या दांडीस बारीकशी आंकडी असे. पुढें लेखनाची रीत बदलली, आंकडी गेली आणि नांव तेवढें राहिलें. त्याच्या निम्म्या कालमानाचें जें चिन्ह, ज्याला फ्रेंच लोक 'क्रोश' म्हणतात, त्याच्या दांडीस ती आंकडी अद्यापि लोंबत आहे. म्हणजे क्रोशाच्या सुईनें स्वरचिन्ह विणणारी बाई एका आंकडीनें दुसरी आंकडीच विणीत असते.

ही आंकडी युरोपला कोठून मिळाली? गुजरात आणि कच्छ येथील मोची कारागीर चामडें टोंचण्याच्या आरीनें कापडावर रेशमी साखळीटांका घालीत. पूर्वेकडचें हें भरतकाम अठराव्या शतकांत युरोपच्या उच्चकुलीन स्त्रियांत फारच लोकप्रिय झालें. तेथें कापड वाटोळ्या चौकटीवर ताणून बसवीत. ती चौकट ढोलासारखी दिसे, म्हणून त्या कामाला 'तांबूर', म्हणजे ढोल, हेंच नांव मिळालें. पुढें कोणीं तरी खालचें कापडच काढून टाकलें आणि साखळी नुसत्या हवेंत विणली. तेंच क्रोशाचें काम, असें कित्येक संशोधकांचें मत आहे. मला तें पटतें, कारण आरीची हालचाल आणि क्रोशाच्या सुईची हालचाल शेजारीं ठेवून पाहिल्यास बहिणी ओळखूं येतात. क्रोशाचें काम फार प्राचीन आहे असें मोठ्या विश्वासानें सांगणारे लोक भेटतात. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ह्या नांवानें ह्या कलेची छापील माहिती प्रथम १८२३ सालीं 'पेनेलोपे' ह्या डच मासिकांत आलेली दिसते. आपल्या आजीच्या पणजीला हें काम कदाचित् ठाऊकही नसेल.

यानंतरची हकीकत आयर्लंडची. १८४५ सालीं तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरीब शेतकऱ्याचें सारें अन्न त्या एका पिकावर होतें. पुढच्या कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें आणि रोगानें मेलीं, आणि तितकींच देश सोडून गेलीं. अशा वेळीं कॉर्कच्या बाजूच्या मठांतील जोगिणींनीं आणि क्लोन्स गांवच्या धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिनें मुलींना क्रोशाचें काम शिकविण्यास आरंभ केला. हेंच काम कां? त्याचें कारण अगदीं साधें आहे. उशीवर टांचण्या रोवून, डझनावारी फिरक्या फिरवून जी जाळी विणतात तिला सामग्री लागते आणि वर्षानुवर्षांची उमेदवारी लागते. क्रोशाला एक आंकडी आणि दोऱ्याचा गुंडा पुरतो. शिवाय हें काम तुकड्यातुकड्यांनीं होतें. एका घरांत नुसते गुलाब विणीत, दुसऱ्या घरांत तीन पानांचें आयरिश गवत विणीत, आणि मग सारे तुकडे जाळीनें जोडीत. धुरकट झोंपडींत, दिव्याच्या उजेडांत, पोटांत अन्न नसतां हें काम झालें आणि लंडन-पॅरिसच्या दुकानांत नाजूक चैनीची वस्तु म्हणून विकलें गेलें.

त्याच सुमारास लंडनमध्यें एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर ह्या लांबलचक नांवाच्या बाईनीं १८४६ पासून विणकामाचीं पुस्तकें काढण्यास सुरुवात केली. अशीं सत्तरांहून अधिक पुस्तकें त्यांनीं प्रसिद्ध केलीं, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्यांना पदक मिळालें. त्यामुळें एकच आंकडी दोन प्रकारच्या हातांत गेली: एका हाताला तिच्यावर भाकरी मिळवावयाची होती, आणि दुसऱ्याला दुपार घालवावयाची होती. 'फावल्या वेळचें काम' हा शब्दप्रयोग ह्या दुसऱ्या हातावरून रूढ झाला आणि पहिल्या हातावर लादला गेला. ही केवळ परदेशची गोष्ट आहे असें मात्र समजूं नये. गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर येथें स्कॉटिश मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत हेंच काम रुजविलें. मारिया मीस ह्या जर्मन विदुषीनें १९८२ सालीं त्यावर ग्रंथ लिहून दाखविलें कीं, परदेशी बाजारासाठीं दिवसाचे तासन् तास विणणाऱ्या बायकांना कामगार न म्हणतां घरबशा गृहिणी म्हटल्यानेंच त्यांची मजुरी इतकी कमी ठेवतां आली.

विणलेलें आच्छादन घरांतल्या वस्तूंवर येऊन बसलें तें ह्याच काळांत. इंग्रज गृहस्थ केंसांना मकासर तेल चोपडीत. त्याचे डाग खुर्चीच्या पाठीवर पडूं नयेत म्हणून तेथें जाळीदार रुमाल आला. मग टेबल, दुधाचें भांडें आणि पियानो ह्यांचे क्रम लागले. पियानोच्या पायांना लज्जेखातर पायजमे घालीत, ही कथा आपण ऐकलीच असेल. तिचें मूळ कॅप्टन मॅरियट ह्या इंग्रज लेखकाच्या १८३९ च्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनांत आहे. तेथील एका मुलींच्या शाळेंतल्या पियानोविषयीं त्यानें ही हकीकत लिहिली. इंग्रजांनीं त्यावरून अमेरिकनांची थट्टा केली, आणि पुढच्या पिढ्यांनीं तीच थट्टा इंग्रजांच्या गळ्यांत बांधली. पियानोवर वस्त्र घालण्याचें खरें कारण धूळ, ओरखडे आणि थोडी हौस एवढेंच होतें.

आच्छादनावर चित्र काढण्याची सोय झाली ती चौकडीच्या विणकामामुळें. ह्यांत दोनच प्रकारचीं घरें असतात. एक खांब, मग दोन साखळ्या, मग पुन्हां खांब, असें विणलें कीं रिकामें घर होतें. साखळ्यांच्या जागीं दोन खांब घातले कीं तेंच घर भरतें. चौकडीच्या कागदावर नमुना काढला कीं कोणत्याही भाषेंतील बाईला तो वाचतां येतो. तेरेझ द दिलमाँ हिनें आतां फ्रान्समध्यें असलेल्या मुलूझजवळ बसून १८८६ सालीं सुईकामाचा जो प्रसिद्ध कोश लिहिला, त्यानें हें ज्ञान देशोदेशीं नेलें. ऑस्ट्रेलियाच्या मेरी कार्ड हिचें नांव येथें मुद्दाम घेतलें पाहिजे. ती शाळा चालवीत असे. बहिरेपण वाढत गेल्यामुळें तिला अध्यापन सोडावें लागलें, आणि ती क्रोशाचे नमुने काढूं लागली. लांबलचक लेखी सूचनांऐवजीं मोठ्या चौकड्यांचे तक्ते देण्यावर तिचा भर होता. जिला कानानें ऐकूं येईना, तिनें हजारों बायकांना नुसत्या डोळ्यांनीं वाचावयाची ही लिपि दिली.

आतां ह्या चौकडीवर संगीत उतरवावयाचें म्हणजे काय अडचणी येतात तें पाहूं. विलायती स्वरलिपीला पांच रेषा आणि मधल्या चार मोकळ्या जागा, मिळून ९ ओळी लागतात. रेषा आडव्या असल्यामुळें त्या सुरेख उतरतात. आपल्या वीणेचें तसें नाहीं. तार तिरपी काढली कीं घरें केवळ कोपऱ्याला कोपरा लावून उभीं राहतात आणि तार तुटल्यासारखी दिसते. म्हणून वीणा शक्य तितकी आडवी काढावी हें बरें. विणणारीचा हात घट्ट असेल तर घरें बुटकीं होतात, सैल असेल तर उंच. आणि त्याप्रमाणें भोपळा चपटा किंवा लांबट होतो.

माझ्या मतें आपल्या संगीताला ह्या विणकामांत वीणेहून जवळची वस्तु ताल ही आहे. आपल्या तालशास्त्रांत 'भरी' आणि 'खाली' हे शब्द आहेतच. चौकडीतही भरलेलें आणि खालीच घर असतें. तीनतालाच्या १६ मात्रांसाठीं १६ घरें घ्यावीं. पहिलें, पांचवें आणि तेरावें घर भरावें, बाकीचीं रिकामीं ठेवावीं. पांचव्यापासून तेराव्यापर्यंत जी लांब मोकळीक दिसते, तिच्या ऐन मध्यावर, नवव्या घरांत, खाली आहे. ८० घरांच्या रुंदीची गवसणी म्हणजे कांठावर तीनतालाचीं ५ आवर्तनें. एका ओळींत २४१ टांके. अशा ५० ओळी केल्या तर टांक्यांची संख्या १२,०५० होते. हा हिशेब कोणी करीत नाहीं. गवसणी दहा पावलांवरून पाहून 'छान आहे' असें म्हणतात.

महाराष्ट्रांत ही कला मिशनच्या शाळा, पुढें स्त्रियांच्या संस्था आणि शेजारधर्म ह्यांच्या वाटेनें पसरली. ज्या काळांत ती घरोघरीं गेली, त्याच काळांत सभ्य घरच्या मुलीनें गाणें शिकावें कीं नाहीं ह्याचा वाद चालू होता. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तरी घराघरांतील संकोच एका दिवसांत गेला नाहीं. मोठ्यानें गाणें शोभत नसे. वीणा विणण्यास मात्र कोणाची आडकाठी नव्हती. त्या आच्छादनांकडे केवळ हौस म्हणून पाहणें मला म्हणूनच जड जातें.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें आणि गाणें माजघरांत आलें. त्या वेळचे रेडिओ व्हॉल्व्हचे असत आणि चालू असतां चांगलेच तापत. जाड कापडाची खोळ त्यांवर ठेवणें बरें नव्हे. जाळीचें विणकाम वाराही जाऊं देई आणि आवाजही. १९४० सालीं रेडिओनें हार्मोनियमला आपल्या स्टुडिओची बंदी केली, ती कित्येक दशकें टिकली. त्यामुळें कांहीं घरांत असा देखावा असे कीं, रेडिओ आणि पेटी एकाच हातच्या आच्छादनांखालीं शेजारीं बसलेलीं, आणि एकीला दुसऱ्याच्या घरीं प्रवेश नाहीं! पुढें ट्रान्झिस्टर आला, तो कातडी पिशवी घेऊनच. क्रोशाला त्याच्यावर जागा राहिली नाहीं. पेटीचें मात्र तसें झालें नाहीं. तिच्या सुरांच्या पट्ट्यांत धूळ गेली कीं सूर बिघडतो, म्हणून तिला आच्छादन लागतेंच.

ज्यांच्या ट्रंकेंत असें एखादें जुनें आच्छादन असेल, त्यांनीं तें साबणाच्या कोमट पाण्यांत भिजवून, न पिळतां दाबून पाणी काढावें. पातळ खळ द्यावी, मग सपाट गादीवर पसरून चारी कडांना न गंजणाऱ्या टांचण्या लावाव्या, आणि आधीं मधलीं घरें चौकोनी करून मग कांठ ताणावा. दोरीवर वाळत घातल्यास ओलाव्याच्या वजनानें जाळी खालीं ओढली जाते आणि वीणेचा भोपळा दुधीसारखा लांबतो.