शालेय प्रकल्प : माहितीच्या मांडणीचे शिक्षण

इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांत प्रकल्पलेखन आता नित्याचे झाले आहे. विषय दिला जातो, मुदत ठरते आणि पुष्कळदा आदल्या रात्री वही भरली जाते. माहिती मिळत नाही ही अडचण आज फारशी उरलेली नाही. मात्र मिळालेली माहिती कोठून आली, ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या क्रमाने मांडावी, हे मुलांना क्वचितच शिकवले जाते. परिणामी आंतरजालावरील परिच्छेद जसेच्या तसे वहीत उतरतात आणि नकलेचा दोष मुलांच्या माथी येतो. पुष्कळ वेळा त्यामागे लबाडी नसून टिपणे ठेवण्याच्या सवयीचा अभाव असतो.

प्रश्न आधी, शोध नंतर

'गोव्यातील खाजन शेती' हा विषय उदाहरणादाखल घेता येईल. एवढ्या मथळ्यावर शोध सुरू केल्यास हाती येईल ते सारेच महत्त्वाचे वाटू लागते. म्हणून प्रथम चार-पाच उपप्रश्न लिहून घ्यावेत : खाजन म्हणजे काय? बांध आणि मानस यांचे काम कसे चालते? तेथे काय पिकते? देखभाल कोण करते? आज कोणत्या अडचणी आहेत? प्रश्न मुलांनी स्वतः काढावेत. शिक्षकांनी ते केवळ नेमके करून द्यावेत.

एका चिठ्ठीवर एकच मुद्दा

वहीत सलग लिहिलेली टिपणे पुढे हलवता येत नाहीत. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढे कागद कापून घ्यावेत. प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर उपप्रश्न, मध्ये एकच मुद्दा आणि तळाशी त्याचा आधार लिहावा. ग्रंथ असल्यास नाव, लेखक व पृष्ठ. संकेतस्थळ असल्यास त्याचे नाव व पाहिल्याची तारीख. मुलाखत असल्यास व्यक्तीचे नाव, गाव व दिवस. आधार त्याच वेळी नोंदवणे महत्त्वाचे, कारण आठवड्यानंतर तो सापडत नाही.

'भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारे मिटतात, ओहोटीला ती उघडून आतले पाणी बाहेर जाते' ही एक चिठ्ठी. 'कोरगुट हे भाताचे वाण खारे पाणी सोसते' ही दुसरी. मजकूर वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि मगच मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहावा. मूळ वाक्य तसेच घ्यायचे असल्यास ते अवतरणचिन्हांत ठेवावे. एवढ्या एका नियमाने नकळत होणारी नक्कल बरीचशी टळते.

वर्गवारी आणि उणिवा

पंचवीस-तीस चिठ्ठ्या जमल्या की त्या जमिनीवर पसरून उपप्रश्नांनुसार ढीग करावेत. जो ढीग लहान, तेथे शोध अपुरा. देखभालीविषयी एकच चिठ्ठी असेल, तर पूर्वी गावकरी संस्था ही जबाबदारी सांभाळत असत आणि १९६४ च्या कृषी कुळवहिवाट कायद्यानंतर कूळ संघटना पुढे आल्या, हा दुवा शोधायला हवा. कोणत्याही ढिगात न बसणारी चिठ्ठी, कितीही रंजक असली तरी, बाजूला ठेवावी.

याच टप्प्यावर विसंगतीही दिसतात. खाजन जमिनीचे क्षेत्र कोठे १७,५०० हेक्टर, तर कोठे १८,००० हेक्टर दिलेले आढळते. मुलाने मनाने एक आकडा निवडू नये. दोन्ही आकडे आधारांसह द्यावेत. त्यानंतर ढिगांचा क्रम लावला की लेखनाचा आराखडा तयार होतो.

शिक्षकांची व पालकांची भूमिका

हे काम एका रात्रीत होणारे नाही. पहिल्या आठवड्यात प्रश्न, दुसऱ्यात चिठ्ठ्या, तिसऱ्यात वर्गवारी आणि चौथ्यात लेखन, अशी विभागणी सोयीची ठरते. प्रत्येक टप्पा तपासावा आणि सजावटीपेक्षा चिठ्ठ्यांना गुण द्यावेत. गुण जेथे असतात, तेथेच मुले लक्ष देतात. पालकांनी प्रकल्प करून देण्याऐवजी मुलाला बांधावर न्यावे, गावातील जाणत्या शेतकऱ्याशी बोलू द्यावे.

संदर्भग्रंथांची वाणही नाही. १८३२ मध्ये स्थापन झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. मराठी विश्वकोश आंतरजालावर खुला आहे. सत्तरीतील आंबेडे येथे जन्मलेल्या पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी संपादिलेला भारतीय संस्कृतिकोश दहा खंडांचा आहे. अकारविल्हे रचलेला असा कोश चाळणे हाही माहितीच्या मांडणीचा पाठच होय.

प्रकल्पाची वही वर्षअखेरीस रद्दीत जाते. 'हे तुला कसे कळले?' या प्रश्नाला आधारासह उत्तर देण्याची सवय मात्र पुढील प्रत्येक इयत्तेत उपयोगी पडते. प्रकल्पातून साधायचे ते हेच.