बोट्युलिनम सौंदर्योपचार : इतिहास व खर्च

बोट्युलिनम सौंदर्योपचार : क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम ह्या सूक्ष्मजंतूने निर्माण केलेले विष अत्यल्प मात्रेत चेहऱ्याच्या स्नायूंत टोचून सुरकुत्या काही काळ सौम्य करण्याची पद्धत. तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांशी होणारे ॲसिटिलकोलिनाचे स्रवण ह्या विषामुळे थांबते व स्नायू शिथिल पडतो. त्यामुळे भुवया आक्रसून किंवा कपाळाला आठ्या घालून पडणाऱ्या सुरकुत्यांवर हा उपचार गुणकारी ठरतो. उन्हाने व वयोमानाने सैल झालेल्या त्वचेवर त्याचा विशेष उपयोग होत नाही. परिणाम साधारणपणे ३ ते ४ महिने टिकतो. टोचले जाणारे द्रव्य वजनाने जवळजवळ नगण्य असूनही उपचार महाग का, ह्याचा उलगडा त्याच्या इतिहासावरून होतो.

इतिहास : जर्मनीतील वुर्टेम्बर्ग येथील वैद्य व कवी युस्टिनुस केर्नर ह्यांनी बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे सविस्तर वर्णन १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध केले आणि हे विष औषध म्हणून वापरता येईल, असे अनुमानही मांडले. सॉसेज ह्या अर्थाच्या ‘बोट्युलस’ ह्या लॅटिन शब्दावरून रोगास बोट्युलिझम हे नाव पडले [⟶ अन्नविषबाधा]. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावी अंत्यविधीच्या भोजनातील डुकराचे खारवलेले मांस खाल्ल्याने वादकांना विषबाधा झाली. त्या प्रकरणी एमिल व्हान एर्मेंगेम ह्यांनी हा सूक्ष्मजंतू शोधून काढला. दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकेत लष्करी हेतूने ह्या विषाचे संशोधन सुरू झाले आणि ए-प्रकारचे विष १९४६ मध्ये स्फटिकरूपात मिळविण्यात आले.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट ह्यांनी तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी ह्या विषाचा प्रयोग प्रथम माकडांवर (१९७३) व पुढे माणसांवर केला. त्यासाठी एडवर्ड शँट्झ ह्यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये तयार केलेला केवळ १५० मिग्रॅ. विषाचा साठा १९९७ पर्यंत औषधनिर्मितीस पुरला. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांचे अनैच्छिक आकुंचन ह्यांवरील औषध म्हणून त्यास परवाना मिळाला. पापण्यांच्या विकारावर उपचार करीत असता भुवयांमधील आठ्याही मावळतात, हे कॅनडातील व्हँकूव्हर येथील नेत्रवैद्य जीन करुदर्स ह्यांच्या १९८७ मध्ये ध्यानात आले. त्वचारोगतज्ज्ञ पती ॲलस्टेअर ह्यांच्यासमवेत त्यांनी हे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि नेत्ररुग्णांचे औषध सौंदर्यप्रसाधनाच्या बाजारपेठेत आले.

एकक व मात्रा : हे औषध वजनाने न मोजता जैव एककांत मोजतात. ठराविक वजनाच्या उंदरांच्या गटातील निम्मे उंदीर ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा म्हणजे एक एकक होय. पेशींवरील पर्यायी चाचणीस अमेरिकेत २०११ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. शंभर एककांच्या प्रचलित कुपीत विषसंयुग सु. ५ नॅनोग्रॅम (१ नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश) असते. अर्थात किंमत पडते ती द्रव्याची नव्हे. त्याची अचूक मोजणी, निर्जंतुक निर्मिती, चाचण्या व परवाने, कंपनीचे नाव आणि टोचणाऱ्याचे कौशल्य ह्यांची. निरनिराळ्या कंपन्यांची एकके परस्परांशी जुळत नाहीत. भुवयांमधील आठ्यांना एका औषधाची २० एकके, तर दुसऱ्याची ५० एकके लागतात. म्हणून केवळ दर एककाच्या भावावरून स्वस्त-महाग ठरविणे फसवे होते.

खर्चाची घडण : भुवयांमधील आठ्यांना २०, कपाळास २० व डोळ्यांच्या कडांना २४ अशी मिळून ६४ एकके एका बैठकीत लागू शकतात. परिणाम ओसरत असल्याने वर्षातून तीन-चार वेळा ती पुन्हा घ्यावी लागतात. त्यामुळे एका बैठकीचा आकडा हा वर्षाचा खर्च नव्हे. औषध २° ते ८° से. तापमानात ठेवावे लागते. उत्पादकांच्या सूचनेनुसार लवणजलात कालवलेली कुपी २४ तासांत व एकाच रुग्णासाठी वापरावयाची असते; अनेक दवाखान्यांत मात्र ती त्याच दिवशी चार-पाच जणांत वाटली जाते.

हा हिशेब लहान गावांत उलटा फिरतो. वऱ्हाडातील परतवाडा हे त्याचे चांगले उदाहरण ठरेल. अचलपूरचे हे जुळे गाव इंग्रजी अमदानीतील लष्करी छावणीतून वाढले. सातपुड्याच्या पायथ्याशी, चिखलदरा व मेळघाटाच्या वाटेवरील ते बाजाराचे ठिकाण असून अमरावतीपासून सु. ५० किमी. अंतरावर आहे. उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या वर जाणाऱ्या ह्या प्रदेशात औषधाची शीतसाखळी सांभाळणे खर्चाचे असते. एकाच दिवशी पाच रुग्ण न मिळाल्यास उरलेले औषध टाकून द्यावे लागते, म्हणजे संपूर्ण कुपीचा भार एकावर पडतो. अमरावतीस जावयाचे, तर दर खेपेस सु. १०० किमी. प्रवास व बुडालेला दिवस खर्चात मिळवावा लागतो. गाव लहान म्हणून उपचार स्वस्त, असे समीकरण येथे लागू पडत नाही.

अशा ठिकाणी अतिस्वस्त दराचा अर्थ तपासून पाहणे अगत्याचे असते. औषध अधिक पातळ करणे, शिळी कुपी वापरणे किंवा बनावट माल आणणे, ह्या मार्गांनीच दर फार खाली येऊ शकतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २००४ मध्ये माणसांसाठी नसलेले प्रयोगशाळेतील विष टोचल्याने चार जणांना गंभीर बोट्युलिझम झाला. २०२४ मध्येही तेथील शासनाने बनावट मालाविषयी इशारा दिला. औषधाचे नाव, एककांची संख्या व कुपी उघडल्याची वेळ ह्या तीन गोष्टी विचारल्यावाचून दराची तुलना होऊ शकत नाही.

कर व विमा : भारतात २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा करात आरोग्यसेवेला माफी आहे; मात्र जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा ह्यांच्या दुरुस्तीखेरीज केलेल्या सौंदर्यशस्त्रक्रिया तीतून वगळल्या असून त्यांवर १८ टक्के कर पडतो. सौंदर्यासाठीच्या सुयाही सामान्यतः ह्याच वर्गात धरल्या जातात. आरोग्यविमाही हा खर्च सहसा देत नाही.

हेच औषध मेंदूच्या पक्षाघाताने आखडलेले बालकांचे हातपाय सैल करण्यासाठी, मानेच्या स्नायूंच्या पिळवटीसाठी व तिरळेपणासाठीही दिले जाते. त्या रुग्णांना पुष्कळदा अधिक एकके लागतात आणि तीही काही महिन्यांनी पुन्हा. आठ्या मिटविण्याचा खर्च टाळता येतो. आखडलेल्या पायाचा टाळता येत नाही. परतवाड्यासारख्या गावातील अशा बालकाच्या कुटुंबालाही तोच प्रवास करावा लागतो. ह्या औषधाच्या किमतीचा प्रश्न त्यामुळे सौंदर्यापुरता मर्यादित राहत नाही.