तिबेटचें पंचामृतस्नान

तिबेटी लोक स्नान करीत नाहींत, असा एक शेरा हिमालयापलीकडच्या जुन्या प्रवासवर्णनांतून वारंवार आढळतो. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३६५० मीटर उंचीवर वसलेलें आहे. तेथें सर्पण म्हणून याकचें वाळलेलें शेण जाळावें लागे. पाणी उकळूं लागतें तेंच ८८ अंशांच्या आसपास. आणि ओल्या अंगाला झोंबणारा वारा तर नित्याचाच. अशा मुलखांत रोजच्या स्नानाचा कंटाळा दिसला, तर त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें दुसऱ्याच गोष्टीचें. ह्याच मुलखानें स्नानाचें एक स्वतंत्र शास्त्र रचलें, त्याचे विधिनिषेध ग्रंथांत लिहून ठेवले आणि शतकानुशतकें तें जतन केलें. शेरा मारणाऱ्या प्रवाशांना एवढेंच दिसलें नाहीं कीं, जेथें ऊन पाणी दुर्मिळ होतें, तेथें तें रोजच्या व्यवहारांतून निघून वैद्याच्या हातीं गेलें होतें.

तिबेटी वैद्यकाला ‘सोवा रिग्पा’ म्हणतात. त्याचा अर्थ रोगनिवारणाची विद्या. ह्या विद्येंतील औषधी स्नानाचें नांव ‘लुम’. आज ल्हासा, लेह, धर्मशाळा किंवा भूतान येथें जाणारा प्रवासी पायपिटीनें थकून लांकडी टबांत उतरतो. वनस्पतींच्या काढ्याचा कडवट सुगंध नाकांत भरतो. ताठलेले सांधे सैल होतात. मग तेलाचें मर्दन होतें आणि गाढ झोंप लागते. हें सुख खरें आहे, आणि तें घेण्यांत गैर असें कांहींच नाहीं. परंतु ज्या पाण्यांत तो बसलेला असतो, त्या पाण्याला सुमारें हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट भारतांतून गेलेला आहे. तो ठाऊक असला, म्हणजे सुखाला अर्थ येतो.

सोवा रिग्पाचा आधारग्रंथ ‘ग्यु-शी’, म्हणजे चतुस्तंत्र. मूलतंत्र, व्याख्यातंत्र, उपदेशतंत्र आणि उत्तरतंत्र असे त्याचे चार भाग असून एकंदर १५६ अध्याय आहेत. परंपरेप्रमाणें हा उपदेश भैषज्यगुरु बुद्धाचा. बाराव्या शतकांतील युथोक योन्तेन गोन्पो ह्या वैद्याच्या हातून त्याला आजचें रूप आलें, असें अभ्यासक मानतात. उत्तरतंत्रांत बाह्योपचारांचा विचार आहे. हे उपचार सौम्य आणि तीव्र अशा दोन वर्गांत विभागलेले आहेत. रक्तमोक्षण, डाग देणें आणि शस्त्रकर्म हे तीव्र; शेक, स्नान आणि तेलमर्दन हे सौम्य. आहार, विहार आणि पोटांत घ्यावयाचें औषध ह्यांनंतर बाह्योपचारांची पाळी येते, आणि त्यांतही सौम्य आधीं, तीव्र मागून. स्नानाची जागा ह्या क्रमांत पक्की ठरलेली आहे. त्याला चैनीच्या वस्तूंत कोणीं घातलेलें नाहीं, तसेंच सर्व रोगांवरचा रामबाणही कोणीं मानलेला नाहीं.

ह्या ग्रंथाची भाषा तिबेटी असली, तरी त्यांतील शरीरविचार मराठी वाचकाला परका वाटणार नाहीं. लुंग, त्रीपा आणि बेकेन हे त्याचे तीन दोष म्हणजे आपले वात, पित्त आणि कफच. ह्या साम्याचें कारण इतिहासांत सांपडतें. पश्चिम तिबेटांतील थोर भाषांतरकार रिन्छेन झांग्पो (९५८ ते १०५५) ह्यानें काश्मिरी पंडित जनार्दन ह्याच्या साह्यानें वाग्भटाचें ‘अष्टांगहृदय’ तिबेटींत नेलें. वाग्भट साधारणपणें सातव्या शतकांतला. त्याच्या सूत्रस्थानांत स्वेदनाचा, म्हणजे घाम काढण्याच्या उपचारांचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत ताप, उपनाह, ऊष्म आणि द्रव असे स्वेदाचे चार प्रकार सांगितलेले आहेत. औषधी काढ्यानें भरलेल्या पात्रांत रोग्याला बसविणें, ज्याला अवगाह म्हणतात, तें ह्यांतील द्रवस्वेदांत मोडतें. तिबेटी लुमचेही असेच प्रकार आहेत: पाण्यांत बसण्याचें जलस्नान, वाफेचें बाष्पस्नान, आणि उकडलेल्या वनस्पति दुखऱ्या भागावर बांधण्याचें बंधस्नान. संस्कृत ग्रंथाची पोथी हिमालय ओलांडून गेली आणि तिकडच्या बुद्धीनें तिला नवा संसार मांडून दिला.

हा संसार नवा कसा, तें वनस्पतींवरून उमगतें. भारतीय वैद्य सांगे तीं पुष्कळशीं झाडें तिबेटच्या पठारावर उगवत नाहींत. कांहीं औषधें घाट ओलांडून न्यावीं लागत. भैषज्यगुरूच्या चित्रांत त्याच्या उजव्या हातीं जी फांदी दिसते ती हरीतकीची, म्हणजे आपल्या सह्याद्रींत मुबलक असलेल्या हिरड्याची. जायफळाला तिबेटींत ‘झाति’ म्हणतात. हा संस्कृत ‘जाति’ शब्दच होय. पण स्नानाला लागतात भारे, चिमूटभर वस्तु पुरत नाहीं; म्हणून स्नानासाठीं तिबेटी वैद्यांनीं आपल्याच डोंगरांकडे पाहिलें आणि पांच वनस्पति निवडल्या. पहिली ‘शुक्पा’, म्हणजे ज्युनिपर, जिची धुरी मठामठांतून दरवळत असते. दुसरी ‘बालू’, म्हणजे उंचावरील ऱ्होडोडेंड्रॉनचें सुवासिक पानांचें खुजें झुडूप. तिसरी ‘त्से’, जिला आपल्याकडे सोमलता म्हणतात ती एफेड्रा. चौथी ‘ओम्बू’, झाऊच्या कुळांतली, नदीकांठच्या वाळूंत वाढणारी. पांचवी ‘खेन्पा’, आपल्या दवण्याची बहीण शोभेल अशी कडवट वासाची वनस्पति. ह्या पांचांना मिळून ‘दुत्सी-ङा’ म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर ‘पंचामृत’. आपल्या देवघरांतलें पंचामृत दूध, दही, तूप, मध आणि साखर ह्यांचें. गाईच्या आणि उसाच्या देशाचें तें अमृत. हिमाच्या देशाचें अमृत असें काटेरी आणि कडू.

हीं पंचामृतें पाण्यांत बराच वेळ उकळतात. कित्येक ठिकाणीं त्यांत धान्य आणि किण्व घालून तीं आंबवितातही. हा काढा सोसवेल इतपत उष्ण ठेवून रोग्याला त्यांत बसवितात. विकाराप्रमाणें वैद्य आणखी औषधें घालतो. संधिवात, आखडलेले हातपाय, त्वचेचे विकार, जुनी दुखणीं ह्यांवर हा उपचार सांगितलेला आहे. क्रम बहुधा सात दिवसांचा, क्वचित् एकवीस दिवसांचा. स्नानानंतर लगेच वाऱ्यांत हिंडावयाचें नाहीं. अंग पांघरुणांत गुंडाळून घाम येऊं द्यावयाचा आणि विसांवा घ्यावयाचा. सांसर्गिक ज्वरांत आणि अंगावर सूज असतांना स्नान वर्ज्य. अशक्त मनुष्य आणि गर्भवती ह्यांनाही तें देत नाहींत. ज्या उपचाराचे निषेधही नेमके लिहिलेले असतात, त्याच्यामागें अनुभवाची मोठी पुंजी असते.

मर्दनाची गोष्टही अशीच. त्याचें नांव ‘कु-न्ये’. ‘कु’ म्हणजे तेल माखणें, ‘न्ये’ म्हणजे चोळणें, रगडणें. शेवटीं अंगावरचें तेल सातूच्या पिठानें पुसून काढतात. आधीं तेल, मग मर्दन, मग पीठ: नरकचतुर्दशीच्या पहांटे आईनें तेल चोळून उटणें लावलेल्या कोणाही मराठी माणसाला हा क्रम सांगावा लागणार नाहीं. वाग्भटाच्या दिनचर्येंत अभ्यंग रोजचा सांगितला आहे, आणि मस्तक, कान व पाय ह्यांकडे विशेष लक्ष द्यावयास सांगितलें आहे. तिबेटच्या कोरड्या, वाऱ्याच्या हवेंत वातविकार फार. म्हणून तेथें तेलाला विशेष मान मिळाला. ह्याच्याच जोडीला ‘होर-मे’ नांवाचा एक उपचार आहे. जायफळासारखीं उष्ण द्रव्यें फडक्याच्या पुरचुंडींत बांधून, गरम तेलांत बुडवून शरीरावरील ठराविक बिंदूंवर टेकवितात. ‘होर’ म्हणजे मंगोल. नांवच सांगतें कीं हा अग्नि उत्तरेकडून आला. वैद्याला लडाखांत ‘अम्ची’ म्हणतात. तो शब्दही मूळ मंगोलांचा. शरीरविचार भारताचा, अग्नि मंगोलांचा, नाडीपरीक्षेंत चीनची छाया, आणि वनस्पति घरच्या: असें हें शास्त्र घडलेलें आहे.

वैद्याच्या टबाखेरीज दुसरेंही एक स्नान तिबेटांत आहे, आणि तें सर्व लोकांचें आहे. तिबेटी पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास, पावसाळा सरतांना, दक्षिणेकडे एक तारा उगवतो. त्याला ‘रिखी’ म्हणतात. हा आपला ‘ऋषि’ शब्द. त्याच्या उदयानंतर सात दिवस नद्यांचें पाणी अमृततुल्य होतें, त्यांत आठ गुण येतात, अशी श्रद्धा आहे; आणि ह्या दिवसांत लहानथोर सारे नदीकांठीं जाऊन स्नान करतात, कपडे धुतात, तंबू ठोकून खातात-पितात. वाग्भटाच्या ऋतुचर्येंत शरदाचें वर्णन आहे. दिवसा सूर्यानें तापलेलें, रात्रीं चंद्रानें निवालेलें आणि अगस्त्याच्या उदयानें निर्विष झालेलें पाणी म्हणजे हंसोदक. तें स्नानपानाला अमृतासारखें, असें तेथें सांगितलें आहे. पंडिताच्या पोथींतली ही कल्पना आणि पशुपालाचा नदीकांठचा उत्सव ह्यांतलें नातें उघड आहे. शास्त्र लोकांत मुरलें म्हणजे त्याचा सण होतो.

उष्णोदकाचे झरे तर निसर्गानेंच तिबेटला मोकळ्या हातानें दिले आहेत. आपल्या कोंकणांत वज्रेश्वरीचीं कुंडें आहेत, राजापूरचें उन्हाळें आहे; तशीं तेथें ठिकठिकाणीं तप्तकुंडें आहेत. ल्हासाच्या ईशान्येस द्रिकुंग प्रांतांत तिर्द्रुम नांवाचा झरा आहे. पद्मसंभव आणि येशे त्सोग्याल ह्यांनीं तेथें साधना केली, अशी आख्यायिका आहे. शेजारीं भिक्षुणींचा मठ असून यात्रेकरू श्रद्धेनें त्या पाण्यांत उतरतात. आपल्या देशांत लडाखमध्यें सिंधूकांठचें चुमाथांग आणि नुब्रा खोऱ्यांतलें पनामिक हीं अशींच स्थळें आहेत. वैद्यकग्रंथांनीं ह्या झऱ्यांचीही पांखड करून कोणत्या पाण्यांत गंधक, कोणत्यांत शिलाजित, कोणत्यांत चुनखडी, आणि तें कोणत्या रोगाला योग्य, हें सांगितलें आहे. भूतानांत निखाऱ्यांत लालबुंद केलेले दगड लांकडी द्रोणीच्या पाण्यांत टाकतात आणि त्यांत खेन्पाचीं पानें घालतात. तेथील प्रसिद्ध गासा कुंड २००९ च्या महापुरांत वाहून गेलें, तेव्हां हळहळ झाली ती केवळ एका विहारस्थळासाठीं नव्हे. कित्येक पिढ्यांचें औषधालय त्याबरोबर गेलें होतें.

आणि औषधालयें कशीं जातात, हें तिबेटी वैद्यांनीं ह्याहून कठोर रीतीनें पाहिलें आहे. पांचव्या दलाई लामांचा राज्यप्रतिनिधि सांग्ये ग्यात्सो ह्यानें १६९६ मध्यें ल्हासाच्या लोहगिरीवर चाग्पोरी हें वैद्यक विद्यापीठ स्थापिलें. त्याआधीं त्यानें चतुस्तंत्रावर ‘नीलवैडूर्य’ नांवाची टीका लिहिली, आणि ती चित्रांतून समजावी म्हणून ७९ पटांची मालिका काढविली. तेराव्या दलाई लामांच्या काळीं १९१६ मध्यें मेन-त्सी-खांग ही दुसरी संस्था निघाली. १९५९ च्या उठावांत चाग्पोरी तोफांच्या माऱ्याखालीं उद्ध्वस्त झालें. जे वैद्य भारतांत पोंचले, त्यांच्याजवळ पोथ्या थोड्या आणि पाठांतर फार, अशी स्थिति होती. त्या बळावर १९६१ मध्यें धर्मशाळेंत मेन-त्सी-खांग पुन्हा उभें राहिलें, आणि १९९२ मध्यें दार्जिलिंगला चाग्पोरीच्या नांवाची संस्था निघाली. एके काळीं भारतानें तिबेटला दिलेली विद्या अशा रीतीनें निर्वासित होऊन भारतांत परत आली.

आज ह्या विद्येला प्रतिष्ठा मिळाली आहे. भारतानें २०१० सालीं सोवा रिग्पाला कायद्यानें मान्यता दिली, आणि २०१९ मध्यें लेह येथें राष्ट्रीय संस्था काढण्याचें ठरविलें. २०१८ मध्यें चीनच्या वतीनें लुमस्नानाची नोंद युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत झाली. मानाच्या पाठोपाठ वादही येतो: वारसा कोणाचा? पण पाणी ज्या वाटेनें आलें ती वाट पाहिली, म्हणजे ह्या वादांतला एकट्याच्या मालकीचा हट्ट टिकत नाहीं. काश्मिरी पंडित, पश्चिम तिबेटी भाषांतरकार, मंगोल अग्नि आणि पठारावरची झुडपें ह्यांपैकीं एक काढलें तरी हें स्नान अपुरें राहतें.

खरी चिंता वेगळीच आहे. उंचावरची शुक्पा फार सावकाश वाढते. मनगटाएवढ्या खोडामागें कित्येक हिवाळे असतात. रोग्यांसाठीं लागणारा भारा आणि प्रत्येक हॉटेलांतल्या प्रत्येक पाहुण्यासाठीं लागणारा भारा ह्यांत फार अंतर आहे. शिवाय निषेध गाळून केवळ सुगंध विकला, म्हणजे उपचाराचा अपाय व्हावयास वेळ लागत नाहीं. पठारावर नुकत्याच आलेल्या आणि विरळ हवेची संवय न झालेल्या प्रवाशानें पहिल्याच दिवशीं कढत पाण्यांत तासभर बसणें हें शहाणपणाचें नव्हे. जाणता अम्ची आधीं नाडी पाहतो, झोंप आणि भूक विचारतो, आणि प्रसंगीं ‘आज नको’ असेंही सांगतो. असें सांगणारा भेटला, तर प्रवाशानें आपलें भाग्य समजावें. कारण खऱ्या विद्येची ओळख ती काय देते ह्यावरून जितकी होते, तितकीच ती केव्हां हात आखडते ह्यावरून होते. तिबेटनें ऊन पाण्याला किंमत दिली ती तें दुर्मिळ होतें म्हणून. आतां तें नळाला आलें आहे. किंमत मात्र माणसांनीं राखावयाची आहे.