उपग्रह संदेशवहनाचे पहिले विद्यार्थी



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला विचारले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. मग या उपग्रहाच्या नादी कसे लागलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेवटाकडे देऊ; आधी थोडा इतिहास पाहू.

उपग्रह संदेशवहनाच्या प्राथमिक प्रशिक्षणात पहिल्या दिवशी एक साधे गणित सांगतात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एकाच जागी उभा दिसतो. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली असे तीन उपग्रह जवळपास सगळ्या जगाला पुरतील, असे लिहून ठेवले होते. आता संदेश वर जायला ३६,००० आणि खाली यायला ३६,०००. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे साधारण पाव सेकंद लागतो. हा पाव सेकंद लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे हे शिक्षण कधी सुरू झाले? १९६७ साली, अहमदाबादला. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तिथे प्रायोगिक भूकेंद्र उभे राहिले. चौदा मीटर व्यासाचा अँटेना होता. गंमत बघा, त्या वेळी भारताकडे स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. आर्यभट्ट १९७५ चा. म्हणजे आकाशात काही नसताना जमिनीवर वर्ग भरला! आणि त्या वर्गात केवळ आपलेच अभियंते नव्हते, इतर विकसनशील देशांतलेही होते. विहीर खणण्याआधी पोहायला शिकवण्यासारखे हे वाटेल. पण साराभाईंचा हिशेब उलटा होता. यंत्र विकत मिळते, ते हाताळणारी माणसे विकत मिळत नाहीत. ती आधी तयार करावी लागतात.

त्या तयारीचे फळ आपल्या पुणे जिल्ह्यात दिसले. नारायणगावजवळच्या आर्वीला सुमारे तीस मीटर व्यासाच्या अँटेनाचे भूकेंद्र उभे राहिले. हिंदी महासागरावरच्या उपग्रहामार्फत परदेशी फोन तिथून जाऊ लागले. १९७१ च्या डिसेंबरात साराभाई गेले आणि त्यांचेच नाव त्या केंद्राला मिळाले.

आता मुख्य प्रयोगाकडे येऊ. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. अमेरिकेच्या नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी दिला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसले. रोज चार तास कार्यक्रम, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. प्रयोगाचे नाव 'साइट'. त्याची धुरा ज्यांच्याकडे होती ते एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. महाराष्ट्र मात्र त्या सहांत नव्हता आणि मराठीत कार्यक्रमही नव्हते.

खेड्यातला अँटेना केवळ तीन मीटरचा, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा. आर्वीला तीस मीटर लागतात, तिथे खेड्यात तीन कसे पुरले? कारण उपग्रहाचा स्वतःचाच अँटेना नऊ मीटरचा होता. वरच्याचा आवाज खणखणीत असला की खालच्याचा कान लहान चालतो. वर्गातही असेच असते.

यातला प्रशिक्षणाचा भाग फारसा सांगितला जात नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये, शाळांच्या सुट्टीत, बारा दिवसांत सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण दिले गेले. उपग्रहावरून चित्र, जोडीला आकाशवाणीचे पाठ, छापील साहित्य, आणि प्रत्यक्ष करून पाहायचे प्रयोग. एवढ्या गुरुजींना एका गावी बोलवायचे तर धर्मशाळा पुरल्या नसत्या!

पण इथेच आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. आपल्या परंपरेत ज्ञानाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत: श्रवण, मनन, निदिध्यासन. उपग्रह श्रवण घडवतो, हजारोंना एकदम घडवतो. मननासाठी मात्र शंका विचारावी लागते. साइटमधल्या गुरुजीला शंका आली तर ती पडद्याला विचारता येत नव्हती. योजना करणाऱ्यांना हे कळत होते, म्हणून तर त्यांनी हातांनी करायचे प्रयोग जोडले.

यावर पुढचे पाऊल पडायला वीस वर्षे लागली. १९९६ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात दीडशे गावांत संच बसवले, आणि बारा ठिकाणी उलट बोलायची सोय केली. गावातला माणूस प्रश्न विचारी आणि अहमदाबादचा तज्ज्ञ उत्तर देई. बारा ही संख्या थोडी आहे खरी. पण शून्यातून बारा होणे हे बाराचे हजार होण्यापेक्षा मोठे अंतर असते.

आता त्या तरुणाचे उत्तर. २००४ साली केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला गेला. पुढे एका महाविद्यालयात अशाच उपग्रह-वर्गासाठी आम्हालाही दोन दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण मिळाले. माइक कसा धरायचा, कॅमेऱ्याकडे कसे पाहायचे, सगळे शिकवले. पहिल्याच तासाला आम्ही विचारले, "कुणाला शंका?" पाव सेकंद गेला, पाच सेकंद गेले, काहीच नाही. आम्ही पुढचा मुद्दा घेतला. आठवड्याने एका मुलीचे पत्र आले. तिने शंका विचारली होती, पण तिकडचे बटण कसे दाबायचे हे कुणी तिला दाखवलेच नव्हते. प्रशिक्षण आम्हाला मिळाले होते, तिला नाही. आणि आम्ही शांततेचा अर्थ 'समजले' असा लावला होता. चाळीस वर्षांच्या नोकरीत ही चूक आम्ही समोर बसलेल्या मुलांच्या बाबतीतही किती वेळा केली असेल, हा विचार तेव्हापासून सुटलेला नाही.

आपल्या भाषेत 'संदेशवहन' आणि 'संवाद' असे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. पहिल्यासाठी यंत्र लागते. दुसऱ्यासाठी पलीकडच्यालाही शिकवावे लागते, आणि मग थांबावे लागते. पाव सेकंदापेक्षा बरेच जास्त.

तेव्हा आता आम्ही थांबतो. माइकचे बटण डाव्या बाजूला आहे. विचारा.