वायू शोधायला गेले आणि द्रव सापडला

क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा जवळजवळ आदर्श द्रवासारखा वागतो, हे आता आपण पहिल्याच लेक्चरमध्ये ऐकतो आणि मान डोलावून पुढे जातो. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बहुतेकांची अपेक्षा नेमकी उलटी होती.

१९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी दाखवलं की क्वार्क जितके जवळ येतात तितकं त्यांच्यातलं बल क्षीण होतं. १९७५ मध्ये कॉलिन्स आणि पेरी यांनी पुढचं पाऊल टाकलं: पदार्थ पुरेसा दाबला तर आतले क्वार्क जवळजवळ मोकळे व्हायला हवेत. तापवला तरी तेच. म्हणजे काय, तर एकमेकांची फारशी दखल न घेणाऱ्या कणांचा वायू. हे चित्र सोपं होतं, म्हणूनच ते डोक्यात घट्ट बसलं.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, ब्रुकहेवन प्रयोगशाळेत 'रिक' हा कोलायडर जून २००० मध्ये सुरू झाला. सोन्याची अणुकेंद्रकं समोरासमोर आदळवायची. टक्कर बरोबर मध्यावर झाली नाही, तर दोन गोल एकमेकांवर अर्धवट येतात आणि मधला भाग बदामाच्या आकाराचा होतो. आतले कण वायूसारखे मोकळे असतील, तर ते सगळ्या दिशांना सारखेच उडतील; बदाम होता की गोळा, हे डिटेक्टरला कळणारही नाही. पण कण एकमेकांना ढकलत असतील, तर बदामाच्या आखूड बाजूने दाब जास्त वेगाने उतरतो आणि तिकडे जास्त कण फेकले जातात. ही खूण शोधा, असं ओलित्रोने १९९२ मध्येच लिहून ठेवलं होतं.

स्टार या प्रयोगाने पहिल्या साधारण २२ हजार टकरींवरूनच ही असमानता मोजली. तिला एलिप्टिक फ्लो म्हणतात, चिन्ह व्ही-२. कमाल किंमत आली सुमारे ६ टक्के. आकडा किरकोळ वाटतो ना? फूरिए मालिकेत व्ही-२ च्या आधी २ चा गुणक असतो, हे लक्षात घेऊन हिशोब करा: एका दिशेला दुसरीपेक्षा सव्वापटीहून जास्त कण. इतका मोठा परिणाम शून्य व्हिस्कॉसिटी धरून केलेल्या द्रवगतिकीच्या गणिताशी बऱ्यापैकी जुळत होता.

इथे बरेच जण अडखळतात (मीही अडखळलो होतो). जोरदार परस्परक्रिया म्हणजे मधासारखा चिकट पदार्थ, असं सहज वाटतं. पण व्हिस्कॉसिटी म्हणजे एका थरातला संवेग दुसऱ्या थरात पोचणं. कण दूरवर न आदळता गेला, तर तो आपला संवेग लांब घेऊन जातो आणि प्रवाहातले फरक पुसून टाकतो. पावलोपावली धडकणाऱ्या कणाला ते जमत नाही. म्हणून वायूच इथे जास्त 'चिकट' ठरतो.

एप्रिल २००५ मध्ये चारही प्रयोगांनी मिळून 'परफेक्ट' द्रवाची घोषणा केली. त्याच सुमारास कोव्हतुन, सोन आणि स्टारिनेट्स यांनी स्ट्रिंग थिअरीच्या वाटेने सुचवलं होतं, की व्हिस्कॉसिटी आणि एन्ट्रॉपी घनता यांचं गुणोत्तर नैसर्गिक एककांत १/४π च्या खाली जात नसावं. माझ्या मते घोषणेतला तो शब्द थोडा घाईचा होता. व्हिस्कॉसिटी धरून केलेली नीट गणितं, उदाहरणार्थ पॉल आणि उलरिके रोमाश्के यांची, २००७ मध्ये आली. पण दिशा बरोबर निघाली. आजचे अंदाज त्या मर्यादेच्या साधारण एक ते अडीच पटीत आहेत.

मला मात्र या इतिहासात सगळ्यात जास्त आवडतो तो पुढचा भाग. बदाम दोन्ही बाजूंनी सममित, म्हणून व्ही-३ शून्य, असं जवळपास सगळ्यांनी धरलं होतं. दरम्यान, रिकच्या दोन-कणांच्या सहसंबंधात समोरच्या बाजूला दोन उंचवटे दिसत होते, पहिल्या कणापासून साधारण १२० अंशांवर. द्रवातून सुसाट जाणाऱ्या क्वार्कमुळे ध्वनीचा शंकू तयार होतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं आणि त्यावर ढीगभर पेपर निघाले. २००९ मध्ये ब्राझीलमधल्या एका गटाच्या गणितात खडबडीत सुरुवातीमुळेच तसे आकार उमटले. २०१० मध्ये एमआयटीत पीएचडी करणारा बुराक आल्व्हेर आणि गुंथर रोलांड यांनी साधी गोष्ट पुढे ठेवली: सोन्याच्या केंद्रकात १९७ न्यूक्लिऑन असतात आणि प्रत्येक टकरीत त्यांच्या जागा वेगळ्या. सरासरी आकार बदाम असला, तरी एकेका टकरीत तो त्रिकोणाकडेही झुकतो. त्रिकोणाचे तीन कोपरे म्हणजे ०, १२० आणि २४० अंश! आकडेवारी तीच होती, डिटेक्टरही तेच. अडवत होतं ते फक्त सममितीचं गृहीतक.

पुढच्याच वर्षी सर्नच्या ॲलिस प्रयोगाने शिशाच्या टकरींत व्ही-३ मोजला. व्हिस्कॉसिटी बारीक आकार आधी पुसते, त्यामुळे व्ही-२ पेक्षा व्ही-३ तिला जास्त संवेदनशील. ज्याला शून्य धरलं होतं तोच आता मोजपट्टी झाला.

मग रिकवरच्या फीनिक्स प्रयोगाने मुद्दाम आकार बदलून पाहिले. सोन्यावर प्रोटॉन, ड्यूटेरॉन आणि हेलियम-३ आदळवले: अनुक्रमे गोल, लांबट आणि तीन कणांचा त्रिकोणी थेंब. मोजलेले व्ही-२ आणि व्ही-३ त्याच क्रमाने बदलले. थेंब इतका छोटा, तरी प्रवाह आहेच. मग किती कणांपासून 'द्रव' म्हणायचं, यावर अजून वाद चालू आहे.