जखम बरी झाली, मग दुखतंय काय?

"डॉक्टर, नागीण जाऊन सहा महिने झाले. कातडी पार कोरी झाली. पण अंगाला सदरा लागला तरी आग होते." चौकला दवाखान्यात बसलं की अशी तक्रार नेहमी कानावर येते. कुणाची नागीण असते, तर कुणाची आवणीच्या दिवसांत धरलेली आणि दिवाळीनंतरही न सुटलेली कंबर. एक्स-रेमध्ये फारसं काही दिसत नाही. मग घरचे म्हणतात, "मनाचं आहे."

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही काही जणांना "रिपोर्ट नॉर्मल आहेत, जास्त विचार करू नका" असं सांगून घरी पाठवलं आहे. ते चुकलंच. का चुकलं, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगतो.

'खळ' समजलेल्या पेशी

आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत संदेश नेणाऱ्या चेतापेशी असतात, हे शाळेत आपण शिकलो. त्यांच्या मधल्या जागेत आणखी असंख्य पेशी असतात. १८५६ मध्ये जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी या भरावाला 'न्यूरोग्लिया' म्हटलं. ग्लिया म्हणजे खळ, डिंक. चेतापेशी जागेवर चिकटवून ठेवणारा पदार्थ, एवढीच त्याची किंमत धरली गेली.

१९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराचा एक नवा रंग वापरून मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना त्या 'डिंकात' बारीक फांद्या असलेल्या वेगळ्याच पेशी दिसल्या. इजा झाली की या पेशी फांद्या आवरून फुगत, इजेच्या जागी सरकत आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळत. त्यांनी नाव दिलं मायक्रोग्लिया. मेंदूचे हे घरचेच पहारेकरी होते.

पण ओर्तेगांचं नशीब आड आलं. नोबेल मिळवलेले त्यांचे ज्येष्ठ, काखाल, यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि १९२० मध्ये त्यांना प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, त्यांना देशही सोडावा लागला आणि १९४५ मध्ये अर्जेंटिनात त्यांचं निधन झालं. त्यानंतर कित्येक वर्षं या पेशींकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. दुखण्याशी त्यांचा काही संबंध असेल, हे तर कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मुंबईतला धडा: बधिर हात, तरी ठणका

आता आपल्याकडे येऊ. बरं झाल्यावरही राहणाऱ्या दुखण्याचा एक मोठा धडा आपल्या शेजारीच, मुंबईत, कुष्ठरोगाने दिला.

वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० मध्ये सुरू झालं. ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं ते अ‍ॅक्वर्थ साहेब तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मराठी पोवाडे गोळा करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. पुढे टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या डागांचे तुकडे तपासले आणि हा रोग मुळात नसांचा कसा आहे, हे बारकाईने दाखवलं. जंतू त्वचेतल्या मज्जातंतूंत शिरतात, म्हणून चट्टा बधिर होतो. चटका बसला तरी कळत नाही.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. त्या गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण बरे झालेल्यांपैकी काही जण परत येऊन म्हणू लागले, "हात बधिर आहे, तरी आतून जळतो." बधिर जागा दुखेल कशी? रोग उलटला की काय?

मुंबईच्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टमध्ये १०१ रुग्णांना याच दुखण्याबद्दल नीट विचारून तपासण्यात आलं. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १०१ पैकी २२ जणांना नसांमुळे होणारी वेदना होती, म्हणजे पाचातल्या एकाला. आपल्यापासून फार लांब नाही, पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरुग्णांचं शांतिवन आहे. कुष्ठरोगातून बरं झालेलं कुणी आग होते म्हणालं, तर ही संख्या आठवा. तो माणूस नाटक करत नाही, आणि त्या आगीचा अर्थ रोग उलटला असाच होतो असंही नाही.

आवाज वाढवणारा हात

नस बिघडली की दुखतं, हे ठीक. पण मूळ कारण संपल्यावरही दुखणं चालू का राहतं?

१९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. वेदनेचे संदेश तिथे कमी-जास्त सोडले जातात. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूच इतका हळवा होतो की साध्या स्पर्शालाही जोरात उत्तर देतो. रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा तसं. पण वाढवणारा हात कुणाचा?

२००३ मध्ये जपानच्या त्सुदा आणि इनोउए यांनी कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबर याचं मोठं उत्तर शोधलं. उंदराच्या पायाची नस दुखावली की मज्जारज्जूतले मायक्रोग्लिया जागे होतात आणि त्यांच्यावर एक विशिष्ट ग्राहक वाढतो. तो ग्राहक औषधाने अडवला की स्पर्शाने होणारी वेदना उतरली. २००५ मध्ये पुढची कडी सापडली. जागे झालेले मायक्रोग्लिया एक प्रथिन सोडतात. त्यामुळे चेतापेशीतलं क्षारांचं संतुलन बिघडतं आणि शांत करणारा संदेशच तिला चेतवू लागतो. गाडीचा ब्रेक दाबावा आणि ती उलट वेग घ्यावी, असा प्रकार.

चोर पळून गेला, तरी पहारेकरी शिट्ट्या मारतच राहिले, असं समजा.

हे झालं उंदरांचं. २०१५ मध्ये बोस्टनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या माणसांच्या मेंदूचं खास स्कॅनिंग झालं. ग्लिया पेशी जाग्या असल्याची खूण मेंदूच्या थॅलॅमस या भागात जास्त दिसली. ज्या दुखण्याला लोक 'मनाचं' म्हणत होते, त्याची खूण शरीरात दिसली.

पण उड्या मारू नका. त्याच वर्षी असंही दिसलं की उंदरांच्या नरांमध्ये हे दुखणं मायक्रोग्लियावर अवलंबून असतं, तर माद्यांमध्ये शरीर दुसरी वाट वापरतं. आणि ग्लियाला शांत करणारं एक औषध, जे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत गुणकारी ठरलं होतं, ते नागिणीनंतरच्या वेदनेवर माणसांत अपयशी ठरलं. म्हणून "मेंदूची सूज उतरवणारी हमखास गोळी" कुणी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं, डॉक्टरांना दुखण्याची जात सांगा. आग, मुंग्या, करंट लागल्यासारखं, कापडाचा स्पर्शही नको होणं, ही नसांच्या दुखण्याची लक्षणं आहेत. अशा दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शनं फारशी चालत नाहीत. महिनोन्‌महिने घेतली तर मूत्रपिंड आणि जठर मात्र बिघडवतात. यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन अशी वेगळी औषधं असतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. "ही तर डिप्रेशनची किंवा फिटची गोळी" असं दुकानात ऐकून मधेच सोडू नका.

दुसरं, नागिणीचे फोड उठले की तीन दिवसांच्या आत या. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. पण मंतरून घेण्यात दिवस गेले, तर औषधाची खरी वेळ निघून जाते.

तिसरं, पुरेशी झोप, रोजचं चालणं आणि मधुमेह असेल तर आटोक्यातली साखर. ही औषधाची जागा घेत नाहीत, पण औषधाइतकीच लागतात.

चौथं, पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन घटणं यांपैकी काही असेल तर वाट पाहू नका. कुष्ठरोगातून बरं झालेल्यांच्या नसेला नवी सूज, नवा बधिरपणा किंवा हातापायात नवी कमजोरी आली, तर त्याच दिवशी दाखवा. वेळेवर उपचार झाले तर हात-पाय वाचू शकतात.

आणि घरातल्यांसाठी एक. तुमच्या आईची कंबर किंवा आजोबांची नागीण बरी होऊनही दुखत असेल, तर "मनाचं आहे" म्हणण्याआधी ओर्तेगांचे पहारेकरी आठवा. शंभर वर्षांपूर्वी ते दिसले होते. दुखण्यातला त्यांचा हात कळायला आम्हा डॉक्टरांना मात्र फार उशीर झाला.